डेस्कटॉप सॉफ्टवेअरमध्ये स्क्रीन आणि विंडोची मापं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इतवारी-गांधीबागेतली बिलिंगची सॉफ्टवेअरं, कळमन्याच्या अडतीतले वजनकाट्याचे प्रोग्रॅम, दवाखान्यांची नोंदणी, शाळांची फी. नागपुरात डेस्कटॉपवर चालणारं काम अजून भरपूर आहे, आणि ते लिहिणारी पोरं बहुतेक दोन-चार जणांच्या ऑफिसात बसतात. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. भर विंडोजवर आहे, कारण गल्ल्यावर तेच असतं. फंक्शनांची नावं देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये ती रोमनमध्येच टाइप करायची, पहिली चार अक्षरं टाकली की एडिटर पुढचं सुचवतोच.

स्क्रीनची रुंदी-उंची विचारली की १५३६ बाय ८६४ येतं. मॉनिटर तर फुल एचडी आहे. फंक्शन खोटं बोलतं का?

नाही. १९२० ला १.२५ ने भागा, १५३६ येतात. १०८० ला भागा, ८६४ येतात. म्हणजे त्या मशीनवर डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केलिंग १२५ टक्के आहे आणि तुमच्या प्रोग्रॅमने 'मला डीपीआय (इंचाला किती पिक्सेल धरायचे तो आकडा) समजतो' असं विंडोजला सांगितलेलं नाही. अशा प्रोग्रॅमला विंडोज कायम ९६ डीपीआयचीच स्क्रीन दाखवते. तुम्ही त्या १५३६ च्या स्क्रीनवर चित्र काढता आणि विंडोज ते ताणून खऱ्या १९२० वर बसवते. अक्षरं पुसट दिसतात ती त्यामुळेच. पुष्कळ जण ग्राहकाला चष्म्याचा नंबर तपासायला सांगतात, दोष तिथे नसतो.

९६ हा पाया लक्षात ठेवा: १२० म्हणजे १२५ टक्के, १४४ म्हणजे १५० टक्के, १९२ म्हणजे २०० टक्के. विचित्र आकडा आला की आधी १.२५ ने आणि मग १.५ ने गुणून बघा. फुल एचडीवर १२८० बाय ७२० आलं तर स्केलिंग १५० टक्के आहे, ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर बिघडलेला नाही.

ही ताणाताणी विंडोज व्हिस्टापासून आहे. त्याआधी लिहिलेली आणि आजही दुकानात चालणारी सॉफ्टवेअरं मोठ्या डीपीआयच्या मॉनिटरवर निदान वाचता यावीत, म्हणून ती आली.

मग प्रोग्रॅमला डीपीआय-अवेअर करावंच का?

नवीन लिहीत असाल तर हो, पहिल्या दिवसापासून. जुनं चालू सॉफ्टवेअर असेल तर आधी थांबा आणि विचार करा. कारण अवेअर झालात की ताणण्याचं काम विंडोज सोडून देते आणि ते तुमच्या अंगावर येतं. बटणाची रुंदी ८० पिक्सेल अशी कोडमध्ये ठोकून बसवलेली असेल, तर १५० टक्क्यांवर ते बटण ८० पिक्सेलचंच राहील, त्यावरचा मजकूर मात्र दीडपट होईल.

जाहीर करायची जागा म्हणजे मॅनिफेस्ट, प्रोग्रॅमची माहिती विंडोजला सांगणारी फाइल. सेटप्रोसेसडीपीआयअवेअर वगैरे फंक्शनं आहेत, पण ती पहिली विंडो तयार होण्याआधी बोलावली गेली पाहिजेत. एखाद्या लायब्ररीने तुमच्याआधी विंडो उघडली की मामला फसतो. प्रकार तीन. 'अनअवेअर' म्हणजे वर सांगितलेलं ताणणं. 'सिस्टम अवेअर' म्हणजे लॉगिनच्या वेळी मुख्य मॉनिटरचा जो डीपीआय होता तोच सगळीकडे धरणं. 'पर मॉनिटर' म्हणजे विंडो ज्या मॉनिटरवर गेली तिथला डीपीआय घेणं. त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती विंडोज १० च्या १७०३ या अपडेटपासून मिळते आणि आज घ्यायची ती हीच. विंडो एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर सरकली की डब्ल्यूएम-डीपीआयचेंज्ड हा संदेश येतो, सोबत नवीन जागेसाठी सुचवलेला आयतही येतो. तो जसाच्या तसा वापरा. स्वतःचं गणित तिथे चालवलं तर दोन मॉनिटरच्या सीमेवर विंडो इकडून तिकडे उड्या मारत बसते.

एकाच विंडोची तीन फंक्शनं तीन मापं देतात. खरं कोणतं?

तिन्ही खरी. बिल्डरकडे फ्लॅट बघायला गेलात तर तो बिल्टअप सांगतो, तुम्ही कार्पेट विचारता, तसंच हे आहे. तुम्ही सामान कुठे मांडणार त्यावर कोणतं माप घ्यायचं ते ठरतं.

गेटक्लायंटरेक्ट आतली जागा देतं: टायटल बार, मेनू, बॉर्डर वगळून जिथे तुमची बटणं आणि ग्रीड बसतात ती. याचा डावा आणि वरचा आकडा नेहमी शून्य असतो, म्हणून उजवा आकडा हीच रुंदी आणि खालचा हीच उंची. विंडो स्क्रीनवर कुठे आहे हे यातून कळतच नाही. ते हवं असेल तर क्लायंटटूस्क्रीन वापरा.

गेटविंडोरेक्ट बाहेरचं माप देतं, स्क्रीनच्या कोऑर्डिनेटमध्ये. विंडोज १० मध्ये १०० टक्के स्केलिंगवर साधा फॉर्म ३०० बाय ३०० केला तर आत २८४ बाय २६१ उरतात. म्हणजे रुंदीत १६ गेले, उंचीत ३९. हे १६ आणि ३९ कोडमध्ये लिहून ठेवणारे लोक आहेत. तसं करू नका. स्केलिंग बदललं, विंडोची स्टाइल बदलली की ते आकडे बदलतात. आतली जागा इतकी हवी तर बाहेरचं माप किती ठेवू, हे विचारायला ॲडजस्टविंडोरेक्टएक्स आहे, आणि विंडोज १० च्या १६०७ पासून डीपीआय सांगून विचारता येईल असं त्याचं भावंडही आहे. मेनू लांब होऊन दोन ओळींत मोडला तर ती दुसरी ओळ मात्र हे फंक्शन धरत नाही.

तिसरं माप डोळ्यांना दिसणाऱ्या चौकटीचं. विंडोज १० पासून डाव्या, उजव्या आणि खालच्या कडेला साधारण ७ पिक्सेलची न दिसणारी पट्टी असते. माउसने कड पकडून ओढता यावी म्हणून ती ठेवलेली आहे. गेटविंडोरेक्टमध्ये ती मोजली जाते. त्यामुळे दोन विंडो आकडे जुळवून शेजारी-शेजारी लावल्या, तरी मध्ये फट दिसते. दिसणारी चौकट हवी असेल तर डीडब्ल्यूएमगेटविंडोॲट्रिब्यूटला एक्स्टेंडेड फ्रेम बाउंड्स विचारा. फक्त दोन पथ्यं: विंडो एकदा तरी दिसलेली असली पाहिजे, आणि हे उत्तर डीपीआयप्रमाणे बदलून मिळत नाही, खऱ्या पिक्सेलमध्ये मिळतं. अनअवेअर प्रोग्रॅममध्ये हे आणि गेटविंडोरेक्ट एकत्र वजा करायला गेलात की वेगळ्याच जगातले आकडे हाती येतात.

आयताचा उजवा आणि खालचा आकडा चौकटीच्या बाहेरचा पहिला पिक्सेल दाखवतो. म्हणून रुंदी म्हणजे उजवा वजा डावा, त्यात अधिक १ करायचं नाही.

दुकानदाराचा फोन : "भाऊ, तुमचा सेव्हचा बटनच गायब झाला ना! काल तर होता."

काल दुसरा लॅपटॉप होता, विचारून बघा.

बटण टास्कबारखाली गेलं आहे. स्वस्त लॅपटॉपवर १३६६ बाय ७६८ ही स्क्रीन अजूनही सर्रास दिसते. विंडोज १० चा टास्कबार १०० टक्क्यांवर ४० पिक्सेल घेतो, विंडोज ११ चा ४८. म्हणजे उंचीत हातात उरले ७२८ किंवा ७२०. तुमच्या फॉर्मची आतली उंची ७०० ठरवलेली असेल तर बाहेरून ती ७३९ होते. खालच्या कडेचं बटण अर्धं किंवा पूर्ण झाकलं जातं. त्यातून कोणी अक्षरं मोठी दिसावीत म्हणून स्केलिंग १२५ केलं, तर त्या ७६८ चे ९६ डीपीआयच्या हिशेबाने जेमतेम ६१४ उरतात. मग फक्त सेव्हच काय, बिलाची एकूण रक्कमसुद्धा दिसत नाही.

स्क्रीनची उंची विचारणं हीच इथली चुकीची सुरुवात. विचारायचा तो वर्क एरिया, म्हणजे टास्कबार वगळून उरलेली जागा. मुख्य मॉनिटरपुरतं चालत असेल तर सिस्टमपॅरामीटर्सइन्फोला एसपीआय-गेटवर्कएरिया द्या. नीट करायचं असेल तर मॉनिटरफ्रॉमविंडोने आपली विंडो ज्यावर आहे तो मॉनिटर घ्या आणि गेटमॉनिटरइन्फोला विचारा. ते दोन आयत देतं: एक पूर्ण मॉनिटरचा, दुसरा वर्क एरियाचा. विनफॉर्म्समध्ये (डॉटनेटची फॉर्म बनवायची लायब्ररी) हेच स्क्रीन.फ्रॉमकंट्रोल आणि त्याचा वर्किंगएरिया. टास्कबार डावीकडे किंवा वर लावणारी माणसं असतात, तेव्हा वर्क एरियाची सुरुवात शून्यापासून होईलच असं नाही; रुंदी-उंचीसोबत त्याचा डावा-वरचा कोपराही वापरा.

टास्कबार ऑटो-हाइड असेल तर तो जागा अडवत नाही, वर्क एरिया पूर्ण मॉनिटरएवढाच येतो. ते बरोबरच आहे.

मॅक्सिमाइज केलेल्या विंडोचा डावा कोपरा उणे ८, उणे ८ येतो. बग आहे का?

नाही. मॅक्सिमाइज करताना बॉर्डर स्क्रीनच्या बाहेर ढकलली जाते. फुल एचडीवर १०० टक्क्यांना, ४० चा टास्कबार असताना उणे ८, उणे ८ पासून १९२८, १०४८ पर्यंत असा आयत दिसेल. मॅक्सिमाइज आहे की नाही हे आकड्यांवरून ओळखायला जाऊ नका, इझझूम्डला विचारा.

फुलस्क्रीन कसं करायचं?

बॉर्डर काढा आणि विंडो पूर्ण मॉनिटरच्या आयताएवढी करा, वर्क एरियाएवढी नाही. टास्कबार आपोआप मागे जातो. टोकन नंबरचे बोर्ड, रांगेचे डिस्प्ले यांना एवढं पुरतं.

गिऱ्हाइकाला बिल दिसावं म्हणून दुसरा मॉनिटर डावीकडे लावला. आता सगळे आकडे उणे येतात.

यायलाच हवेत. शून्य-शून्य हा बिंदू मुख्य मॉनिटरच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यात असतो. त्याच्या डावीकडे जे काही आहे ते उणे. मुख्य मॉनिटर १९२० बाय १०८० आणि डावीकडे जुना चौकोनी १२८० बाय १०२४ असेल, तर डाव्या मॉनिटरचा एक्स उणे १२८० पासून सुरू होतो. सगळे मॉनिटर मिळून जो मोठा आयत होतो त्याला व्हर्च्युअल स्क्रीन म्हणतात. इथे ती ३२०० बाय १०८०. गेटसिस्टममेट्रिक्सला ७६ आणि ७७ दिले की तिचा कोपरा मिळतो, ७८ आणि ७९ दिले की रुंदी-उंची. नेहमीचे ० आणि १ फक्त मुख्य मॉनिटरबद्दल बोलतात, बाकीचे त्यांच्या हिशेबी नसतात.

व्हर्च्युअल स्क्रीन हा सलग कागद नसतो. वरच्या जोडीत दोन्ही मॉनिटरच्या वरच्या कडा जुळवलेल्या असतील, तर डावीकडे खाली ५६ पिक्सेलची पट्टी उरते जी कोणत्याच मॉनिटरवर नाही. तिथे ठेवलेला मेसेज बॉक्स आयतात बसतो, पण दिसत नाही.

मधोमध विंडो ठेवायची असेल तर (रुंदी वजा विंडो) भागिले २ एवढ्याने भागत नाही, मॉनिटरचा डावा आकडा त्यात मिळवावा लागतो. एका मॉनिटरवर तो शून्य असल्यामुळे विसरला तरी चालून जातं, म्हणून हा घोटाळा तुमच्या ऑफिसात कधीच दिसत नाही आणि ग्राहकाकडे पहिल्याच दिवशी दिसतो. माउसच्या संदेशातून एक्स-वाय काढताना लोवर्ड वापरत असाल तर तेही बदला. तो आकडा बिनचिन्हाचा धरतो आणि उणे २०० चे ६५३३६ होतात. त्यासाठी गेट-एक्स-एलपॅराम आणि गेट-वाय-एलपॅराम हे मॅक्रो आहेत.

प्रोग्रॅम चालू होतो, टास्कबारवर दिसतो, पण विंडो कुठेच नाही. काहून?

मागच्या वेळची जागा जपून ठेवायची हौस. कारणं दोनच असतात.

पहिलं : विंडो मिनिमाइज असताना प्रोग्रॅम बंद झाला आणि तुम्ही गेटविंडोरेक्टचं उत्तर फाइलमध्ये लिहिलं. मिनिमाइज विंडोला विंडोज उणे ३२०००, उणे ३२००० वर नेऊन ठेवते. पुढच्या वेळी तुम्ही इमानदारीने विंडो तिथेच उघडता. त्यापेक्षा गेटविंडोप्लेसमेंट वापरा, ते मिनिमाइज-मॅक्सिमाइज नसतानाची मूळ जागा देतं. विनफॉर्म्समध्ये रिस्टोअरबाउंड्स तेच काम करतं. प्लेसमेंटमधले आकडे साधारणपणे वर्क एरियाच्या कोपऱ्यापासून मोजलेले असतात, पूर्ण स्क्रीनच्या नाही. म्हणून गेटविंडोप्लेसमेंटने घेतलेलं सेटविंडोप्लेसमेंटनेच परत द्यावं. मध्येच सेटविंडोपॉसला दिलं आणि टास्कबार वर असला की विंडो दर वेळी थोडी थोडी सरकत जाते.

दुसरं : दुसरा मॉनिटर होता, आता काढला. जपलेली जागा त्या मॉनिटरवरची होती. उघडण्याआधी मॉनिटरफ्रॉमरेक्टला 'नसेल तर काहीच देऊ नको' असा पर्याय देऊन विचारा. उत्तर रिकामं आलं तर मुख्य मॉनिटरच्या वर्क एरियात मधोमध उघडा. टायटल बारचा पकडता येईल एवढा भाग कोणत्या तरी वर्क एरियात आहे का, हेही बघा. विंडोचा नुसता तळाचा कोपरा दिसत असेल तर माणूस ती ओढून आणणार कशी?

नवीन आवृत्ती पोचेपर्यंत फोनवर सांगण्यासारखा उपाय : टास्कबारवर क्लिक करून प्रोग्रॅम समोर घ्या, ऑल्ट आणि स्पेसबार दाबा, मग एम, मग कोणतीही एक बाणाची कळ, आणि माउस हलवा. विंडो माउसला चिकटून येते.

उन्हाळ्यात लाइट येते-जाते आणि सगळ्या विंडो एकाच मॉनिटरवर गोळा होतात.

यूपीएसवर सीपीयू असतो, मॉनिटर थेट बोर्डावर. लाइट झपकन गेली की मशीन चालूच राहतं पण मॉनिटर बंद होतो, आणि विशेषतः डिस्प्लेपोर्टवर विंडोज त्याला 'तार काढली' असं समजते. तिथल्या विंडो उरलेल्या मॉनिटरवर येतात. तुम्हाला डब्ल्यूएम-डिस्प्लेचेंज हा संदेश मिळतो. तो आला की आधी विचारून ठेवलेली सगळी मापं टाकून द्या आणि नव्याने विचारा. प्रोग्रॅम सुरू होताना एकदा स्क्रीनचा आकार ग्लोबल व्हेरिएबलमध्ये भरून ठेवणाऱ्या कोडचा इथेच निकाल लागतो. टास्कबारची जागा किंवा आकार बदलला तर डब्ल्यूएम-सेटिंगचेंज येतो, तोही ऐका.

स्वस्तातला इलाज : मॉनिटरही यूपीएसवर घ्या.

पायथनच्या टीकेइंटरमध्ये विन्फो-विड्थ विचारलं की १ येतं.

फार लवकर विचारलं. विंडो अजून स्क्रीनवर मांडलीच गेलेली नाही. आधी अपडेट-आयडलटास्क्स बोलवा आणि मग विचारा, किंवा किती जागा हवी आहे एवढंच कळायचं असेल तर विन्फो-रिक्विड्थ घ्या. हा नुसता टीकेइंटरचा स्वभाव नाही. डॉटनेटच्याच डब्ल्यूपीएफ या लायब्ररीत विड्थ न दिलेल्या कंट्रोलची विड्थ 'आकडाच नाही' अशी येते आणि ॲक्च्युअलविड्थ शून्य येते; लोडेड इव्हेंटनंतर विचारा. जावा स्विंगमध्ये पॅक करण्याआधी फ्रेमचे इन्सेट्स शून्य असतात. कन्स्ट्रक्टरमध्ये बसून माप विचारायची सवय सोडली की यातले निम्मे प्रश्न येतच नाहीत.

जावा ८ वरून वर आलो आणि स्क्रीनचा आकार बदलला?

जावा ९ पासून स्विंग स्वतः स्केलिंग करतं. म्हणून १२५ टक्क्यांच्या फुल एचडीवर टूलकिटचं गेटस्क्रीनसाइझ जावा ८ मध्ये १९२० देत होतं, आता १५३६ देतं. खरे पिक्सेल हवे असतील तर ग्राफिक्सकॉन्फिगरेशनच्या डिफॉल्ट ट्रान्सफॉर्ममधून स्केल घ्या आणि गुणा. टास्कबार वजा करायला गेटस्क्रीनइन्सेट्स आहे.

माझ्या मशीनवर फॉर्म बरोबर दिसतो. सोबतच्याने उघडून नुसता सेव्ह केला की सगळं हलतं.

तुमचं स्केलिंग १०० आहे, त्याचं १२५. विनफॉर्म्सचा डिझायनर ज्या मशीनवर उघडला त्याच्या डीपीआयनुसार प्रत्येक कंट्रोलची जागा आणि आकार पुन्हा लिहितो. डिझायनरच्या फाइलमध्ये ऑटोस्केलडायमेन्शन्सची ओळ बघा. जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कच्या नेहमीच्या फॉन्टला ती ९६ डीपीआयवर ६ आणि १३ असते, १२० वर ८ आणि १६ होते. गिटमध्ये त्या ओळीत फरक दिसला की तो बदल घेऊच नका, परत पाठवा. ऑफिसात नियम करा: डिझायनर उघडायचा तो १०० टक्क्यांवरच. व्हिज्युअल स्टुडिओ स्वतःच वर पिवळी पट्टी दाखवून १०० टक्क्यांवर पुन्हा सुरू करू का असं विचारतो, आणि आपण ती पट्टी न वाचता बंद करतो.

डॉटनेट कोअर ३.० पासून नेहमीचा फॉन्टही मायक्रोसॉफ्ट सान्स सेरिफ ८.२५ वरून सेगो यूआय ९ झाला. त्यामुळे जुना प्रोजेक्ट वर नेला की काहीही न करता फॉर्म थोडे मोठे होतात. तो डीपीआयचा दोष नव्हे.

इंग्रजी लेबलं बरोबर बसतात, मराठी केली की उकार आणि वेलांट्या कापल्या जातात.

स्क्रीनची मापं सांगणाऱ्या परदेशी लेखांमध्ये हे सापडणार नाही, म्हणून जरा सविस्तर.

इंग्रजी अक्षरांना वर-खाली जेवढी जागा लागते त्यापेक्षा देवनागरीला जास्त लागते. वर रफार, मात्रा, अनुस्वार. खाली उकार, ऋकार, पायमोडके जोडाक्षर. 'र्कें' आणि 'द्धृ' एका ओळीत आले की ओळीची उंची दोन्ही बाजूंनी वाढते. २३ पिक्सेलच्या चौकटीत सेगो यूआय आरामात बसतो, मंगल फॉन्ट बसत नाही. आणि तुम्ही मंगल निवडला नसेल तरी, निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर विंडोज स्वतःच दुसरा फॉन्ट आणते. विंडोज ८ पासून ते काम निर्मला यूआय करतो. विंडोज १० मध्ये मंगल हा ऐच्छिक भाग झाला, त्यामुळे एका मशीनवर तो असतो, दुसऱ्यावर नसतो, आणि तुमच्या मापाच्या गणिताला दोन उत्तरं येतात.

म्हणून फॉन्ट नावाने पक्का करा आणि मजकूर मोजून चौकट ठरवा. विनफॉर्म्समध्ये टेक्स्टरेंडरर.मेझरटेक्स्ट वापरा, कारण लेबलं आणि बटणंही साधारणपणे त्याच मार्गाने रंगवली जातात, ग्राफिक्स.मेझरस्ट्रिंगचं उत्तर थोडं वेगळं येतं, आणि एकाने मोजून दुसऱ्याने रंगवलं की शेवटचं अक्षर तुटतं.

अक्षरागणिक रुंदी मोजून बेरीज करू नका. 'क्षि' डोळ्यांना एकच अक्षर दिसतं, आत चार कोड पॉइंट (युनिकोडचे सुटे घटक) आहेत: क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी. चारही सुटे मोजले तर बेरीज भलतीच येते, कारण जोडल्यावर आकारच बदलतो. ग्राहकाचं नाव बिलावर मावत नाही म्हणून पहिली वीस 'अक्षरं' कापणारा कोड अशाच ठिकाणी नावाची वेलांटी किंवा अर्धा क्ष सांडतो. पूर्ण ओळ एकदम मोजा, आणि कापायचीच असेल तर अक्षरगटाच्या सीमेवर कापा. डॉटनेटमध्ये स्ट्रिंगइन्फो आहे. डॉटनेट ५ पासून ते या सीमा आधीपेक्षा बरंच चांगलं ओळखतं, तरी हलन्ताच्या जोडाक्षरांवर डोळे मिटून भरवसा ठेवू नका, 'क्षत्रिय' आणि 'ज्ञानेश्वर' टाकून बघा.

स्क्रीनवर खरा एक सेंटिमीटर काढता येईल का?

भरवशाने नाही. १९२० बाय १०८० ची स्क्रीन २१.५ इंची मॉनिटरवर इंचाला साधारण १०२ पिक्सेल देते, १५.६ इंची लॅपटॉपवर साधारण १४१. विंडोजचा ९६ हा ठरवून दिलेला आकडा आहे, पट्टी लावून मोजलेला नाही. गेटडिव्हाइसकॅप्सला हॉर्झसाइझ विचारलं तर मिलिमीटर मिळतात, पण त्यावर लेबलाचं डिझाइन उभं करू नका. लेबल छापायचं असेल तर प्रिंटरचा डीपीआय विचारा. २०३ डीपीआयचा लेबल प्रिंटर मिलिमीटरला ८ ठिपके काढतो, म्हणजे ५० मिलिमीटरचं लेबल ४०० ठिपक्यांचं. स्क्रीनचा यात काही संबंध नाही.

व्हीबी ६ चं जुनं सॉफ्टवेअर सांभाळतो. फॉर्मची रुंदी हजारांत येते.

ते ट्विप आहेत. इंचाला १४४० ट्विप, म्हणून ९६ डीपीआयवर पिक्सेलला १५. स्क्रीनच्या ट्विप्सपरपिक्सेलएक्सने भागा, १५ ने नको. १२० डीपीआयवर तेच १२ होतात. आतली जागा हवी असेल तर विड्थ नव्हे, स्केलविड्थ.

इतकी मापं विचारायचीच कशाला?

हा प्रश्न कमी जण विचारतात, जास्त जणांनी विचारायला हवा. बघितलेल्या कोडपैकी बराचसा रिसाइझ इव्हेंटमध्ये 'ग्रीडची रुंदी म्हणजे फॉर्मची रुंदी वजा ३२' अशा ओळींनी भरलेला असतो. अँकर आणि डॉक लावा, टेबललेआउटपॅनल वापरा, क्यूटी किंवा डब्ल्यूपीएफमध्ये लेआउट वापरा, आणि त्या सगळ्या ओळी पुसून टाका. बटणांची पट्टी खाली डॉक केली आणि मधल्या भागाला स्क्रोल दिला, तर सेव्हचं बटण टास्कबारखाली जायचा प्रसंग फॉर्मची उंची वर्क एरियाएवढी मर्यादित केली की संपतो. मापं विचारावीत ती तीन-चार कामांसाठी: विंडो पहिल्यांदा कुठे उघडायची, मागची जागा अजून चालते का, फुलस्क्रीन, आणि स्वतः रंगवलेला मजकूर किंवा आलेख.

रिमोटवरून बघतो तेव्हा सगळं ठीक दिसतं, ग्राहकाकडे मात्र बिघडलेलं असतं.

रिमोट डेस्कटॉपने जोडता तेव्हा त्या सेशनची स्क्रीन तुमच्या मॉनिटरच्या मापाची असते. गेटसिस्टममेट्रिक्सही तेच सांगतं. त्याच्या समोरचा मॉनिटर तुम्ही बघतच नाही. स्क्रीन शेअर करणारी साधनं वापरा, ती त्याचीच स्क्रीन जशी आहे तशी पाठवतात.

मॅक आणि लिनक्सवर?

मॅकवर शून्य खाली डाव्या कोपऱ्यात आणि वाय वरच्या दिशेने वाढतो. एनएसस्क्रीनची फ्रेम म्हणजे पूर्ण स्क्रीन, व्हिजिबलफ्रेम म्हणजे मेनू बार आणि डॉक वगळून. 'मेन' स्क्रीन म्हणजे कीबोर्ड ज्या विंडोकडे आहे तिची स्क्रीन; मुख्य मॉनिटर हवा असेल तर यादीतला पहिला घ्या. आकडे पॉइंटमध्ये असतात, रेटिना स्क्रीनवर बॅकिंगस्केलफॅक्टरने गुणल्यावर पिक्सेल मिळतात.

लिनक्सवर विंडो दाखवायची जुनी यंत्रणा एक्स ११ असेल तर टीकेइंटरचं विन्फो-स्क्रीनविड्थ सगळ्या मॉनिटरची मिळून रुंदी देतं. वेलँड या नव्या यंत्रणेवर मात्र साध्या विंडोला आपण स्क्रीनवर नेमके कुठे आहोत हे विचारताच येत नाही, ती जागा ठरवणं कंपोझिटरचं, म्हणजे सगळ्या विंडो स्क्रीनवर मांडणाऱ्या प्रोग्रॅमचं काम. मागची जागा जपायचा तुमचा कोड तिथे गपगुमान काहीच करणार नाही.

ग्राहकाचा फोन आला तर त्याच्याकडून काय काय विचारू?

त्याला काही विचारू नका. 'स्केलिंग किती आहे?' याला 'मोठं आहे' असं उत्तर मिळतं. प्रोग्रॅम सुरू होताना आणि प्रत्येक डिस्प्लेचेंजला लॉगमध्ये लिहीत जा: विंडोजची आवृत्ती, प्रोग्रॅम कोणत्या डीपीआय प्रकारात चालतोय, मॉनिटर किती, आणि प्रत्येकाचा पूर्ण आयत, वर्क एरिया व डीपीआय. आपल्या मुख्य विंडोचा आतला आणि बाहेरचा आयतही लिहा, कोपऱ्याच्या आकड्यांसकट. मग लॉगची फाइल व्हॉट्सॲपवर मागवा. 'वर्क एरिया ०, ०, १३६६, ७२८. विंडोचा खालचा आकडा ७३९' अशी ओळ दिसली की पुढचं बोलणं दोन मिनिटांत आटोपतं.